नचिकेताचा पहिला वर

शाळा सुटली तरी तो घरी जात नव्हता. तिसरीतला मुलगा. घंटा झाली की बाकीची पोरं दप्तर खांद्यावर टाकून पळायची आणि हा झाडू घेऊन वर्ग झाडायला लागायचा. दोन दिवस मला त्याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी झाडलेलाच वर्ग तो पुन्हा झाडत होता, तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बाही वर सरकली होती आणि दंडावर दोराचे वळ उठले होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मॅडम, बाबाला काही म्हनू नका. त्यायचं सोयाबीन गेलं."

सिंदखेडराजा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. बदल्या होत होत दुसऱ्यांदा याच गावात आले आहे. मुलांच्या अंगावरचे वळ मी याआधीही पाहिले होते, पण त्या संध्याकाळी वळांपेक्षा ते वाक्य माझ्या मागे घरापर्यंत आलं.

माझे वडील कीर्तन करायचे. कठोपनिषदातल्या नचिकेताचं आख्यान त्यांचं आवडतं. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि दान म्हणून देतो काय, तर चारा-पाणी संपलेल्या, दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई. मुलाला ते खुपतं. तो विचारतो, बाबा, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला दिलं. पोर खरंच यमाच्या दारी जातं. यम घरी नसतो, तीन रात्री ते उपाशी बसून राहतं, आणि परतल्यावर यम त्याला तीन वर देतो. वडील हे सगळं भराभर सांगून तिसऱ्या वरावर यायचे, कारण तिथे ब्रह्मज्ञान आहे. मेल्यावर माणूस उरतो की नाही, हा प्रश्न आहे. पहिला वर ते एका वाक्यात उरकायचे.

त्या रात्री मला तो पहिला वरच आठवला. मृत्यूच्या दारात उभं असलेलं मूल सगळ्यात आधी मागतं ते हे, की माझ्या बापाचा राग शांत होऊ दे, मी परत गेलो की त्याने मला ओळखून जवळ घेऊ दे. ज्या बापाने मृत्यूच्या स्वाधीन केलं, त्याच्याकडे परत जायचं आहे, फक्त तो रागावलेला नको. आमच्या तिसरीतल्या मुलाने याहून वेगळं काही मागितलं नव्हतं.

मग प्रश्न असा की मुलानेच बापाला माफ केलं असेल तर मी मध्ये पडणारी कोण? मला वाटतं, मुलाची माफी ही मोठ्यांना सूट नव्हे. गोष्टीतला क्रमच पाहा. यम घरी येतो तो आधी हात जोडतो, पाणी देतो, आपल्या दारात पोर उपाशी राहिलं म्हणून प्रत्येक रात्रीचा एक वर देतो. प्रत्यक्ष मृत्यू एका पोरापुढे आपली चूक कबूल करतो, भरपाई करतो, आणि त्यानंतर घर सावरण्याची गोष्ट निघते. आपण गावोगावी नेमकं उलटं करतो. आधी घराची अब्रू झाकतो आणि पोराचं मग बघू म्हणतो. ते 'मग' कधी येत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्या घरी गेले. सोबत अंगणवाडीच्या ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक आई होत्या. या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला; कागदावरची ही गोष्ट अशा वेळी फार कामी येते. बाप ओट्यावर बसलेला. मी विषय काढताच उसळून म्हणाला, "माझं पोरगं हाय. मी मारीन नाहीतर तारीन."

हे वाक्य बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, सगळीकडे ऐकू येतं. ते धर्माच्या आवाजात बोललं जातं, म्हणून धर्माकडेच विचारावं. नचिकेताचा बाप जो विश्वजित यज्ञ करत होता, त्यात सर्वस्व द्यायचं म्हणजे नेमकं काय द्यायचं यावर जैमिनीच्या मीमांसेत वाद घातलेला आहे. निवाडा असा की ज्यावर आपली मालकी आहे तेवढंच देता येतं. आई-बाप देता येत नाहीत, राजालासुद्धा पृथ्वी देता येत नाही. याज्ञवल्क्यस्मृती आणखी स्पष्ट आहे. कुटुंबाची आबाळ न करता आपलं ते द्यावं, मात्र बायको आणि मूल त्यातून वगळलेलं. वाजश्रवसाने रागाच्या भरात जे देऊन टाकलं, ते त्याला देताच येत नव्हतं. 'माझं पोरगं' यातलं 'माझं' हे 'माझं शेत' यातल्या 'माझं'सारखं नाही, एवढं तर जुन्या शास्त्रकारांनाही कळत होतं.

हे मी त्या बापाला सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, कारण तो पुढे म्हणाला, "मॅडम, तुमीबी मला मारलं व्हतं. चौथीत. पाढे येत नव्हते म्हनून."

तो माझा विद्यार्थी होता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतल्या माराला बंदी घातली. त्याआधी माझ्याही टेबलावर छडी असायची. मला तो प्रसंग आठवत नव्हता. त्याला कोणता हात पुढे केला होता तेही आठवत होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. तेव्हाही चुकलं होतं." तो काही वेळ बोललाच नाही. मग त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितला आणि खरी गोष्ट निघाली. मुकादमाकडून उचल घेतलेली होती. दिवाळीनंतर दोघांनी ऊसतोडीला जायचं ठरलं होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तो हिशोब. त्या हिशोबात मूल कुठेच नसतं. पोराला नेलं तर शाळा बुडते, फडावर वाढं गोळा करण्यात दिवस जातो; ठेवलं तर म्हाताऱ्या आजीला रांधणं होत नाही. या कोंडीत बाप रोज थोडा थोडा पेटत होता आणि हाताशी सापडत होतं ते पोरगं.

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं माणूस जन्मतःच घेऊन येतो म्हणतात. मुलाचं ऋण मोठ्यांवर असतं, असं चौथं खातं तिथे नाही. मला ते हवं होतं. आमच्या तालुक्यात १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखो माणसं येतात, प्रत्येक आईने जिजाऊ व्हावं म्हणून भाषणं होतात. त्याच महिन्यात याच तालुक्यातल्या कितीतरी आया पहाटेच्या थंडीत फडात वाकलेल्या असतात. आईला मोठं व्हायला सांगताना तिच्या हातातला कोयता कोणी उतरवून घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत आम्ही त्या मुलाचं नाव घातलं. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे मुलं रात्री आजी-आजोबांपाशीच झोपतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेच्या समितीमार्फत होतं. आजीवरचा स्वयंपाकाचा भार गेला. बापाने दर रविवारी मुकादमाच्या फोनवरून मुलाशी बोलायचं कबूल केलं. तो बोलला. त्या हंगामात एकही रविवार चुकला नाही.

पण प्रत्येक गोष्ट चहा पिऊन मिटवायची नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगते. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. मुली दिवाळीला घरी गेल्या आणि त्यांनी घरच्यांना सांगितलं, तेव्हा कळलं. ज्या भिंतींनी राखायचं त्यांनी राखलं नाही. ऐकून घेतलं ते घराने. म्हणून घर तुटू न देणं हासुद्धा मुलाच्या राखणीचाच भाग आहे. कधी मूल घरातलं दुःख शाळेत सांगेल, कधी शाळेतलं घरी. दोन्हीकडे एक तरी कान उघडा हवा.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात 'गावातलं गावात मिटवू' म्हणायला जागा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. एकदा माझ्याकडेही देवळाच्या सभामंडपातून निरोप आला होता की मॅडम, पोरीच्या लग्नाचा विचार करा, कागद पुढे नेऊ नका. ती पोर आठ वर्षांची होती. मी कागद पुढे नेला. गावातल्या काही घरांनी नंतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं, पण त्या पोरीच्या आईने एक दिवसही मुलीला शाळेत पाठवायचं चुकवलं नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीवर पोषण आहाराच्या वेळापत्रकाशेजारी मुलांच्या मदतीच्या फोनचा १०९८ हा आकडा मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे. मुलांना तो पाढ्यासारखा पाठ आहे. वर्ग झाडणारा तो मुलगा आता सातवीत आहे आणि घंटा झाली की सगळ्यांबरोबर पळतो.

दिवाळी झाली की गाड्या पुन्हा निघतील. तुमच्या शेजारच्या घराला कुलूप लागेल, तेव्हा त्या घरातलं मूल कुठे आहे आणि कोणापाशी आहे, एवढं शाळेत येऊन सांगा. मी साडेपाचपर्यंत शाळेतच असते.