मस्टरवर न चढलेली माणसं

सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कांझरा या दोन गावांचा रोजगार हमीच्या अभ्यासात वारंवार उल्लेख येतो. १९७५ पासून पुढे सुमारे दहा वर्षं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेची माणसं या गावांत मुक्काम करून होती. संस्थेचा विषय कोरडवाहू शेती. पण या माणसांनी पिकांच्या जोडीने घरंही टिपली. कोण कुणाच्या रानात खुरपायला गेलं, हातात काय पडलं, काम शोधूनही रिकामे गेलेले दिवस किती, असं सगळं.

त्याच काळात सरकारदरबारीही एक नोंद होत होती, रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. त्यात बाईचं नाव, हजेरी, मजुरी आणि अंगठा एवढंच असे. त्या कामावर आली नसती तर तिने त्या दिवशी काय केलं असतं, हे मस्टर सांगू शकत नाही. धोरणाचा परिणाम मात्र त्या न घडलेल्या दिवसाशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी शिरापूर-कांझऱ्याच्या नोंदी घेऊन नेमकं हेच शोधलं. बाई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला गेली, तर घरात तिचं काम कुणी उचललं? कुणाचा रोज बुडाला? त्यांनी एकट्या मजुराचा नव्हे, अख्ख्या घराचा वेळ मोजला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार बुडालेली कमाई मिळालेल्या मजुरीच्या साधारण पाव होती. म्हणजे रुपयातले बारा आणे घरात खरोखर नवे आले. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. ‘या बायका एरवी कुठेतरी कामाला गेल्याच असत्या’ हे वाक्य बांधावर बसून सहज बोललं जातं. त्याचं उत्तर या नोंदींत आहे.

योजनेचा जन्म महाराष्ट्रातलाच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरमध्ये तिचा पहिला प्रयोग घडवला. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. खडी फोडली, सुकडी खाल्ली, असं सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून मराठवाड्यातल्या मजुराच्या हाती पैसा जाणार आणि तोही हक्क म्हणून, असं त्या काळी देशात दुसरीकडे कुठे नव्हतं.

हा हक्क किती खरा होता, याची कसोटी १९८८ मध्ये लागली. किमान वेतनाचे दर वाढले आणि त्यांच्याबरोबर रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. दर दुप्पट झाला म्हणजे मागणारे वाढायला हवेत आणि हमी खरी असेल तर कामंही वाढायला हवीत. प्रत्यक्षात कामावरची संख्या घटली. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी महिन्या-महिन्याचे आकडे तपासले. उन्हाळ्यात गर्दी वाढायची आणि पेरणी आली की ओसरायची, ही जुनी चाल लक्षात घेऊनही ही घट समजत नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा, की मागणी होती पण काम वाटून, आवरून दिलं जात होतं. ‘हमी’ हा शब्द कायद्यात जिथल्या तिथे होता. कमी पडलं ते नवं काम काढणं.

या अभ्यासाचा आधार घेऊन ‘मजुरी वाढवूच नका’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मजुरी वाढवून तिजोरी तेवढीच ठेवली, तर वाढ कुणाच्या तरी कामातून वजा होते, एवढंच हा अभ्यास सांगतो. मजुरी इतकी कमी ठेवायची की गरजू असेल तोच येईल, ही चाळण सोयीची असेल. पण तिच्यातून खाली पडणारं पीठ कुणाच्या घरचं, हेही विचारायला हवं.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानंतर चौकशीचं वर्तुळ मोठं झालं. योजना टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांत गेली: २००६ मध्ये २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३०, पुढच्या वर्षी उरलेले. ज्या जिल्ह्यांत आधी पोचली आणि ज्यांत पोचायची होती, त्यांची तुलना करून क्लेमां अँबेर आणि जॉन पॅप यांनी दाखवलं, की शेतीची कामं थंडावलेल्या महिन्यांत खासगी रोजंदारीचा दरही वाढला. आंध्रात कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी १५७ मंडलांत प्रयोग केला. मजुरी ओळखपत्राच्या आधारे नीट हाती पडू लागली, तेव्हा गरीब घरांची कमाई वाढली आणि त्या वाढीचा बहुतांश भाग योजनेबाहेरच्या कामातून आला. ज्या बाईने कधी फावडं उचललं नाही, तिच्याही खुरपणीचा दर चढला. बागायतदाराची ‘मजूर मिळत नाही’ ही तक्रार मीही ऐकतो आणि छोट्या शेतकऱ्याची अडचण मला खोटी वाटत नाही. पण ‘मिळत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जुन्या दरात मिळत नाही’ असा असतो.

यातली सगळ्यात अवघड मोजणी परत पाठवलेल्या माणसांची. या केंद्रीय कायद्यातही पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागे. म्हणून अर्जच न घेणं, ही कचेरीची सोपी वाट झाली. अर्ज नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर कागदोपत्री सगळ्यांना काम मिळालेलं. २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कचेरीला न विचारता थेट घरांना विचारलं गेलं: काम हवं होतं का, आणि मिळालं का? काम हवं असलेल्या दर दहा ग्रामीण कुटुंबांतल्या चारांहून अधिक कुटुंबांना ते मिळालं नव्हतं. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली, ते महाराष्ट्र काम मिळण्याच्या बाबतीत मागच्या रांगेत होतं. ही कुटुंबं तोवर कुठल्याच मस्टरवर नव्हती. कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन विचारलं, म्हणून ती मोजली गेली.