माळकऱ्याने कमरेला पिस्तूल बाळगावे काय?

जालन्याच्या पेठेत लोखंडी सळया, बी-बियाणे, धान्य यांचा व्यवहार मोठा. रोकड घेऊन रात्री-अपरात्री परतणारे माळकरी व्यापारीही त्यात आहेत. त्यांपैकी कोणी कीर्तन आटोपल्यावर हळूच विचारतो, "महाराज, लहानसे पिस्तूल घ्यावे म्हणतो. रोज कमरेला राहील, हौसेने नेमबाजीही होईल. कोणते घ्यावे? आणि माळेला ते चालेल काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम शास्त्र पाहू. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन लुटणारा, क्षेत्र हरण करणारा आणि स्त्रीहरण करणारा, असे सहा आततायी स्मृतींनी सांगितले. त्यांच्या निवारणास आडकाठी नाही. परंतु मिताक्षराकार विज्ञानेश्वर सूक्ष्म भेद करतात: निवारण करताना ओढवलेले मरण निराळे, मारायचेच म्हणून मारणे निराळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण गरजेहून अधिक इजा करण्याचा देत नाही.

आता संतांकडे वळू. नाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. स्वामी समाधीत असता शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनी स्वामींचा वेष चढवून शत्रू परतविला, असे परंपरा सांगते. तेच नाथ पैठणास अंगावर थुंकणाऱ्यावर रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा गोदास्नान करीत राहिले. अहो, किल्ल्यात लोकांचे जीव होते आणि थुंकीत फक्त स्वतःचा मान होता! जिवासाठी शस्त्र, मानासाठी क्षमा. भेद इथेच आहे, बरं का.

कमरेच्या शस्त्राचा धोकाही इथेच. दरोडेखोर जन्मात एखादे वेळी येईल, न येईल. बांधावरचा भाऊबंद, उधारी बुडविणारा, गाडीला गाडी घासणारा मात्र रोज भेटतो. राग आला की हात कुठे जाईल?

लहान पिस्तूल कमरेला जाणवत नाही, हा त्याचा गुण म्हणतात. मी त्याला दोष म्हणतो. ज्यात मरण भरलेले आहे त्याचा विसर पडून कसे चालेल? कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर काढले. वागवायला सोपे खरे, पण नळी आखूड तर नेम कठीण, आणि शस्त्र हलके तर झटका अधिक. सरावावाचून ते घरच्यांनाच घातक.

तात्पर्य असे. जिवाला खरा धोका असेल, तो जिल्हाधिकाऱ्यांपुढे लेखी मांडता येत असेल, त्याने परवाना मागावा. हातात नीट बसेल, ज्याचा सराव होईल, तेच शस्त्र घ्यावे. धोका सरला की रीतसर जमा करावे. दिंडीत, देवळात, कीर्तनात ते आणू नये. वरातीत बार काढण्यास तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

निव्वळ हौस असेल त्याने १० मीटरवरच्या निशाण्यावर हवेचे पिस्तूल चालवावे. मधले वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर! श्वास आवरल्याशिवाय ते सापडत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली २५ मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्णपदक मिळविले, त्यात कुणाचा जीव गेला नाही.

बाकी सर्वांनी एवढेच करावे: राग येताच हात गळ्यातल्या माळेकडे न्यावा. रामकृष्ण हरि.