ओस्सय

गोव्यातल्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, पेडणे-डिचोलीच्या एखाद्या वाड्यावर ढोल-ताशांची मिरवणूक, म्हणजे रोंबाट, येते, तेव्हा नवख्याला वाटते मध्येच कुणीतरी ओरडले. ढोल-ताशे टिपेला पोचलेले, कासाळे खणखणतेय, आणि एकदम साऱ्या गळ्यांतून ‘ओस्सय!’ उसळते. खरे तर यात अचानक काही नसते. ढोलवाला हात आखडतो, ताशाच्या काड्या क्षणभर अधांतरी राहतात, आणि त्या मोकळ्या जागेत आरोळी नेमकी बसते.

अर्थ विचारला तर जितकी तोंडे तितकी उत्तरे. मला तिची घडणच जास्त बोलकी वाटते. हाक मारली की आपण ‘ओ’ देतो, आरोळीची सुरुवातही त्याच ‘ओ’ने होते. मधला ‘स्स’ श्वास दातांत दाबून धरतो आणि शेवटचा ‘य’ तो सोडून देतो. ही व्युत्पत्ती नव्हे, कानाचा कौल आहे.

होळीला बोंबही मारतात. पण बोंब एकट्याला मारता येते, किंबहुना अडचणीत सापडलेल्या एकट्याचीच ती. ओस्सय एकट्याने म्हणून पाहा, ओशाळायला होईल. तिला मेळ, म्हणजे रोंबाटाचा जथा, लागतो, आणि मेळाला मांड. मांड म्हणजे गावाची ठरलेली जागा. तिथे नमन झाल्याशिवाय कुणी ढोल घेऊन बाहेर पडत नाही.

याच मुलखात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. घालणारा एकेक मागणे मांडतो आणि दर मागण्याला गाव म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ तिथे होकार कशाला, ते स्पष्ट असते. ओस्सयमध्ये मागणे गळून गेले आहे, होकार तेवढा उरला आहे. डिचोली १७८१त आणि पेडणे १७८८त पोर्तुगिजांकडे गेले; त्याआधी हा मुलूख सावंतवाडीकरांचा. म्हणून तेरेखोल नदीच्या अल्याड-पल्याड गाऱ्हाण्याची रीत एकच. ढोलाला सगळ्यांनी मिळून ओ द्यायची सवयही त्याच वळणाची असावी, असे मला वाटते.

शहरांतल्या सरकारी शिगमो मिरवणुकीत पथके ओस्सय म्हणतात, बघे मोबाइल उंच धरतात. तिथे ओ द्यायला कुणी नसते. वाड्यावर मात्र मेळ अंगणात शिरला की घरचेही ओरडू लागतात, आणि शबय, म्हणजे मेळाला द्यायचे पैसे, हातावर पडली की आवाज दुप्पट.