दखल

दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा केला, की कधी कधी मूळ संख्या मिळते. सातवा घात १२८. एक वजा केला की १२७, ती मूळ. अकराव्या घातातून मात्र २०४७ उरतात, आणि ते २३ गुणिले ८९. सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा मूळ संख्या १९९६ पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर, कामाची वाटणी करून, शोधत आहेत.

१७ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांपैकी अमेरिकेतल्या एका संगणकाने मुख्य सर्व्हरला कळवले, की ७,४२,०७,२८१ हा घातांक घेतला तर मूळ संख्या मिळते. तिचे अंक दोन कोटी तेवीस लाखांहून अधिक. तोवर ज्ञात असलेल्या सर्व मूळ संख्यांहून ती मोठी. पण सूचनेची ईमेल बिघाडामुळे गेलीच नाही. ७ जानेवारी २०१६ ला नेहमीची देखभाल करताना तो निकाल माणसाच्या नजरेस पडला, आणि शोधाची अधिकृत तारीख तीच ठरली. मधले सोळा आठवडे ती संख्या ज्ञात होती की नव्हती?

याला जुना दाखला आहे. १९६१ मध्ये अलेक्झांडर हुर्विट्झ यांनी संगणकाचे छापील निकाल शेवटाकडून वाचले. त्यामुळे ४४२३ हा घातांक आधी दिसला, ४२५३ नंतर. यंत्राने आधी शोधलेली धाकटी संख्या ‘सर्वांत मोठी’ म्हणून क्षणभरही मिरवली नाही.

पूर्वी मला यात माणसाचा अहंकार दिसे. राबले यंत्र, आणि मान पाहणाऱ्या डोळ्याला! आता तसे वाटत नाही. उत्तर चुकले तर यंत्राला मान खाली घालावी लागत नाही. ‘हे खरे आहे’ असे स्वतःच्या नावावर म्हणणारा कुणी उभा राहिला, तेव्हाच शोध पुरा होतो.

पण हा न्याय श्रेयापुरताच. त्या संख्येचे सोळा आठवड्यांत काही बिघडले नाही. दप्तरांत मात्र विहिरींची पातळी, पुलांची तपासणी, तापाचे रुग्ण अशा नोंदीही पडून असतात. पुढे काही घडले, की ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणून नजर पडल्याची तारीख पुढे केली जाते. श्रेय त्या तारखेपासून खुशाल मोजावे. दोष नोंद झाल्या दिवसापासून मोजावा.