नाव विचारणारी लहर

जरा थांबू या. मालगाडी यायला अजून अवकाश आहे.

विदर्भातलं कुठलंही लहान स्थानक डोळ्यांपुढे आणा. कोळसा भरून वर्ध्याकडून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांचा हा रस्ता. दुपार आहे. रुळांवर झळा हलताहेत.

खडीच्या पलीकडे एक खांब आहे. खांबावर चपटी पेटी, तोंड रुळांकडे. पलीकडच्या अंगाला तशीच दुसरी.

हे रीडर. आत्ता दोन्ही गप्प आहेत.

तुम्हीही गप्प राहा. श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आधी रूळ थरथरतात. मग इंजिनाची घरघर. रुळाला लावलेल्या लहानशा सेन्सरवरून पहिलं चाक जातं, आणि पेट्या जाग्या होतात.

त्या आता विचारू लागल्या आहेत. आपल्याला ऐकू येणार नाही. 865 ते 867 मेगाहर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात शहाऐंशी कोटींहून जास्त हेलकावे.

दोन्ही तळहात समोरासमोर धरा. मधे दीड वीत अंतर ठेवा. एका हेलकाव्याची लांबी एवढी, साधारण 35 सेंटिमीटर.

तळहातांच्या मधल्या हवेकडे लक्ष असू द्या. तिथे काहीच दिसत नाही. बघत राहा.

आता वाघिणीकडे वळा.

तांबूस तपकिरी लोखंड. कोळशाची भुकटी. पावसाच्या ओघळांचे जुने डाग. कुशीला एक छोटा चपटा टॅग बसवलेला आहे. असाच एक दुसऱ्या कुशीलाही. लोखंडाला अगदी चिकटला तर त्याचा अँटेना नीट चालत नाही, म्हणून त्याच्या आवरणातच लोखंडापासून थोडं अंतर राखलेलं असतं.

त्याच्यात बॅटरी नाही.

इथे थोडं थांबा. बॅटरी नाही. मागच्या खांबापासून इथवर त्याच्या आत काहीही चाललेलं नव्हतं. तो वाट पाहत नव्हता. झोपलेलाही नव्हता.

लहर येते. टॅगला लागते.

त्या लहरीतूनच त्याला चिमूटभर वीज मिळते. वॉटचा एक लाखावा भाग, त्याच्या आसपास. तेवढ्यावर आतली चिप उठते.

आणि उत्तर देते. पण उत्तरासाठी तिच्याकडे स्वतःची लहर नाही. आलेलीच लहर ती परत पाठवते: थोडी जास्त, थोडी कमी, पुन्हा जास्त. उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवणारं मूल आठवा. ऊन त्याचं नसतं. हलवणं तेवढं त्याचं.

इथेच राहू या. काही समजून घ्यायची घाई नाही. विचारणारी लहर, तीच जागवणारी, तीच उत्तर घेऊन परतणारी.

पुन्हा एकदा. लहर येते. टॅग उठतो. लहर परत जाते.

गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर पावणेअकरा मीटरची वाघीण पाऊण सेकंदाच्या आत पुढून निघून जाते. कोळशाच्या गाडीला अशा साधारण 58 वाघिणी. तुम्ही मोजू लागता आणि मधेच कुठेतरी चुकता. चुकू द्या. पुढची बघा.

टॅग काय सांगतो? मुख्यतः आपला क्रमांक. वाघिणींचे क्रमांक अकरा आकड्यांचे असतात. पहिले दोन जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार तिचे स्वतःचे. शेवटचा एक पडताळ्याचा.

आपण कुठे आहोत, हे त्याला ठाऊक नाही. किती वाजले, तेही नाही. ठिकाण खांबाला माहीत आहे. वेळ खांबाच्या घड्याळात आहे. कोण, कुठे, केव्हा हे तिन्ही एकत्र येतात आणि नोंद रेल्वेच्या संगणकाकडे जाते.

आता पुढच्या खांबापर्यंतचा लांब पट्टा. शेतं, नाला, फाटक. तिथे वाघिणीला कोणी विचारत नाही. पडद्यावर ती अजून याच खांबापाशी उभी दिसते, आणि खरी तर ती कधीच पुढे गेलेली असते.

तो पट्टा मनात धरा. धडधड चालू आहे. नोंद नाही. मला या साऱ्या यंत्रणेत सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते इथे.

धूळही बघा. डोळ्याला ती अडवते. अमेरिकेत 1967 साली वाघिणी ओळखण्यासाठी रंगीत चकाकत्या पट्ट्यांची पद्धत स्वीकारली गेली. डेव्हिड कॉलिन्स यांची ती कल्पना. रुळाशेजारचं यंत्र प्रकाश टाकून पट्ट्या वाचायचं. पट्ट्या मळल्या, वाचन चुकू लागलं, आणि 1970 चं दशक संपता संपता पद्धत मोडीत निघाली. देखणी होती, यात शंका नाही. रेडिओ टॅग तिथे 1990 च्या दशकात सक्तीचे झाले. भुकटीतून लहर जाते.

आपल्याकडे यार्डात ट्रेन्स क्लार्क, रेल्वेच्या भाषेत टीएनसी, कागद घेऊन गाडीच्या कडेने चालायचे. खडीवर पाऊल, मान वर, आकडा, पुन्हा पाऊल. सहाशे मीटर. त्या चालीने थोडं चालून बघा, बसल्या जागी.

शेवटच्या वाघिणी जाताहेत. समजा, त्यातल्या एकीचे टॅग निकामी आहेत. सेन्सरने चाकांच्या चार जोड्या मोजल्या, नाव आलं नाही. मग पुढच्या यार्डात कुणाला तरी जाऊन तिच्या अंगावरचे पांढरे आकडे वाचावे लागतात. दहा स्पष्ट आहेत. सातवा कोळशाखाली गेला आहे.

तो हरवलेला नाही. पहिल्या दहांपैकी सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, विषम जागांवरच्यांची तिच्यात मिळवायची. ही रक्कम दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात, तोच अकरावा आकडा. अकरावा तर समोर दिसतो आहे. उलट जायचं, सावकाश, एकेक बेरीज करत, आणि सातव्या जागी एकच आकडा बसतो.