पेत्राच्या हातचे नाणे

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराची एक लहानशी हकिकत आहे. कफर्णहूम येथे कर गोळा करणारे लोक पेत्राला गाठून विचारतात, तुमचे गुरू कर भरतात ना? गुरूला न विचारताच पेत्र होकार देऊन मोकळा होतो. तो घरात येताच प्रभू आपण होऊन तो विषय काढतो, कर कोणी कोणास द्यावा हे त्याला उमजेल असे सांगतो आणि मग त्याला सरोवराकडे धाडतो. माशाच्या तोंडात सापडलेल्या एका नाण्याने दोघांचा कर फिटतो. चौघा शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मत्तयानेच ही हकिकत नोंदवली आहे. तो स्वतः जकातदार. असली गोष्ट त्याच्या नजरेतून सुटती तरच नवल!

प्रवचनांत आपण बहुधा माशाच्या चमत्कारापाशी थांबतो. मला मात्र अलीकडे पेत्राचा तो उतावळा होकार अस्वस्थ करतो. दुसऱ्याच्या वतीने कर भरणाऱ्याने त्याच्या वतीने किती बोलावे? आणि ज्याच्या वतीने तो बोलला, त्याने ते बोलणे कितपत आपले मानावे?

पूर्वी आयकर भरायचा म्हणजे बँकेच्या खिडकीपुढे रांग लावून, चलनावर शिक्का मारून घेऊन, त्याची स्थळप्रत घरी जपून ठेवायची. आता पॅन आणि मोबाइल क्रमांक दिला की संगणकावर चलन तयार होते. पैसे कोणाच्याही खात्यातून भरता येतात. जमा मात्र ज्याचा पॅन असेल त्याच्याच नावे होतात. या सोयीत परोपकाराला पुष्कळ वाव आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पगारदार व निवृत्तांची नेहमीची मुदत ३१ जुलै, म्हणजे संत इग्नेशियस लोयोलाचा सण. रोजच्या रोज आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हिशेब तपासायला शिकवणाऱ्या संताचा दिवस या कामी यावा, हा योगायोग मोठा गमतीचा. मुदत एका दिवसाने चुकली तरी थकीत करावर पूर्ण महिन्याचे एक टक्का व्याज लागते, वर विलंब शुल्क. अशा वेळी एखाद्या विधवा वृद्धेचा कर आपल्या खात्यातून भरून, रविवारी मिस्सा सुटल्यावर तिच्याकडून पैसे घेणारे कर सल्लागार मी पाहिले आहेत. पेत्राच्या हातचे नाणे ते हेच.

पण मला जे सांगायचे आहे ते याहून कमी सुखावह आहे.

आमची विवरणपत्रे भरून देणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. कामाला चोख, बोलायला गोड. २०२४ च्या जुलैत त्याचा फोन आला, ‘सर, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’ मी सहा आकडे वाचून दाखवले आणि बागेला पाणी घालायला गेलो. काही आठवड्यांनी अपेक्षेपेक्षा बराच अधिक परतावा खात्यात आला. मी सुखावलो आणि काहीही विचारले नाही. माझा अपराध येथून सुरू होतो, हे मला वर्षभराने उमगले.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध देशभर तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले होते. काही मध्यस्थ केवळ विवरणपत्रांसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते काढतात व नंतर सोडून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा कोणी वाचतच नाही, असेही त्यात म्हटले होते. ते वाचून मी मुलीला माझे विवरणपत्र उघडायला लावले. ई-मेल पत्ता माझा नव्हता. आणि मी एका राजकीय पक्षाला ६०,००० रुपयांची देणगी दिली होती! मी आजवर कुठल्या पक्षाच्या कार्यकर्त्याला चहासुद्धा पाजलेला नाही.

करचुकवेगिरी नैतिकदृष्ट्या निषिद्ध आहे, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. तेथे चोरीच्या आज्ञेखालीच तिचा उल्लेख येतो. कायदाही विवरणपत्रावरची ग्वाही करदात्याचीच मानतो. ते सहा आकडे म्हणजे माझी सही होती.

मी त्याला घरी बोलावले. तो खाली मान घालून म्हणाला, ‘सर, सगळेच करतात. तुमच्या औषधपाण्याला उपयोगी पडतील असे वाटले.’ मला वाटते, तो खरेच बोलत होता. अद्ययावत विवरणपत्र भरायचे ठरले. त्याआधी पैसे भरावे लागतात. १२,४८० रुपये मूळ कराचे, आणि पंचवीस टक्के अतिरिक्त कर व किरकोळ व्याज मिळून तीन हजारांवर भुर्दंड. तो तत्काळ म्हणाला, ‘चूक माझी आहे. सगळे मीच भरतो, माझ्या खात्यातून.’

संगणकाची याला काहीच हरकत नव्हती. माझी होती, पण ती नेमकी कोणती, हे सांगायला मला रात्र लागली. जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे ठरवले, ते स्वतःच्या तिजोरीतून. येथे लुबाडले गेले ते सरकार, आणि त्या लुटीचे पैसे माझ्या खात्यात पडून होते. ते त्याने भरले असते, तर माझी चोरी माझ्याकडेच राहिली असती आणि दंड तेवढा त्याला झाला असता. उलट, भुर्दंडही मीच भरला, तर त्याच्या हातून घडलेल्या खोट्याला काहीच किंमत उरत नव्हती. कोणाचे प्रायश्चित्त कोणी हिरावून घ्यायचे?

सकाळी मी मूळ रक्कम माझ्या खात्यातून भरली. भुर्दंडाचे चलन त्याने त्याच्या खात्यातून भरले. ओटीपी आल्यावर मी चष्मा लावून विवरणपत्र ओळीन् ओळ वाचले, ई-मेल पत्ता माझा आहे का ते पाहिले, मगच आकडे सांगितले. तो शांतपणे थांबला होता. नंतर त्याने आपली वही काढली. तीत आमच्याच धर्मग्रामातली आणखी अकरा नावे होती. ‘यांच्याकडे कसा जाऊ, सर?’ त्याने विचारले.

पहिल्या घरी मी त्याच्याबरोबर गेलो.