पुसलेलं अक्षर

नातू सात वर्षांचा. संध्याकाळी पोळ्या लाटताना मी शब्द सांगते, तो ओट्याशेजारी फतकल मारून पाटीवर लिहितो. काल त्यानं 'गुरूवार' लिहिलं. म्हटलं, रु ऱ्हस्व. "अगं आजी, 'गुरू' तर तूच दीर्घ सांगितलास!" आता ह्याला तत्सम नि समास कुठून समजावू? नियम करणाऱ्यांनी कधी घरी पोर घेऊन बसून पाहिलं नसावं.

चिडून तो थुंकी लावून पाटी पुसू लागला. मी सहज बोलून गेले, अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते. त्यानं कोरी पाटी पुढे धरली. "मग हे कुठं गेलं?"

मीमांसक म्हणतात, शब्द नित्य. उच्चार त्याला फक्त उजेडात आणतो. नैयायिक म्हणतात, उपजतो नि विरतो. ज्ञानेश्वरांना तर 1290मध्ये गणपतीच अक्षरांत दिसला: अकार पावलं, उकार पोट, मकार मस्तक. माझा ओढा मीमांसकांकडे. पण परवा घोकलेलं काल विसरणारं हे पोर पाहिलं की नैयायिकही पटतात.

पाटी वाळली तसा 'वा'चा काना पुसट उमटला. "हा राहिला बघ," त्यानं बोट ठेवलं. तोवर तव्यावरची पोळी करपली होती.